माघातल्या डिऱ्या

कुंडलिकदादाने आपल्या झाडांचा पहिला पांढरा चहा मोठ्या हौसेने बायडीच्या हातात दिला, तेव्हा तिने एक घोट घेतला, पेल्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "दादा, पावडर टाकायची ऱ्हायली का?"

कुंडलिकदादा हसता हसता खोकायला लागला. ही गोष्ट त्याने पुढे वर्षभर गावात भेटेल त्याला सांगितली. बायडीला त्याचा राग आला नाही, कारण तिने विचारलं ते खरंच विचारलं होतं. तिचा चहा म्हणजे कोरा, गूळ घातलेला, पेल्याचा तळ दिसणार नाही इतका काळा. हे म्हणजे तांदूळ धुतलेलं कोमट पाणी, आणि मुंबईची माणसं म्हणे ते सोन्याच्या भावाने घेतात. मुंबईच्या माणसांबद्दल तिचं मत आधीपासूनच फारसं बरं नव्हतं, ते त्या दिवशी पक्कं झालं.

पण त्या कोमट पाण्यावर आपलं सगळं अवलंबून आहे, हे मात्र तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

डोळखांबच्या वरच्या अंगाला, गाव संपतं तिथे ओढ्यापलीकडे कातकरवाडी आहे. वीसबावीस घरं. दिवाळी झाली की वाडीच्या तोंडाशी ट्रक लागतो. माणसं, भांडी, कोंबड्या, पोरं सगळं त्यात चढतं आणि वीटभट्टीवर जातं, ते पावसाच्या आधी परत येतं. बायडीचा जन्मच मुरबाडकडच्या एका भट्टीवर झाला, लग्नही भट्टीवर ठरलं, आणि दोन्ही पोरी पाळण्यात असल्यापासून विटांच्या थप्प्यांमध्ये वाढल्या आणि लग्न होऊन आपापल्या जोडीत दुसऱ्या भट्ट्यांवर गेल्या. भट्टीवर माणूस एकटा मोजत नाहीत, जोडी मोजतात. नवरा चिखल मळणार, बायको साचा मारणार. जाणू आणि बायडी ही नावाजलेली जोडी होती. मुकादम दसऱ्यालाच येऊन त्यांना बोलून ठेवायचा.

तीन वर्षांपूर्वी जाणू चिखलाच्या खड्ड्यात उभ्या उभ्या खाली बसला. उजवा हात गेला, उजवा पाय गेल्यातच जमा, आणि बोलणं जड झालं. वय पंचेचाळीसच्या आतबाहेर. शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जगला हेच पुष्कळ. तेही खरंच होतं, पण जगलेल्या माणसाला सांभाळायला घरात कुणी लागतं, आणि दिवाळीनंतर वाडीत धडधाकट कुणीच नसतं. मुकादम आला, जाणूकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि बायडीला म्हणाला, "तू दिराबरोबर ये. संजूच्या जोडीत तुला धरतो. ह्याला वाडीत राहू दे."

त्याच्या आदल्या वर्षी कोंडूच्या म्हाताऱ्या आईला असंच वाडीत ठेवून सगळे गेले होते. ती ओढ्यावर पाय घसरून पडली आणि दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत तिथेच होती. गुराख्याला दिसली तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं. बायडी मुकादमाला नाही म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ट्रक तिच्याशिवाय गेला, आणि ती दारात बसून रडली. जाणूसाठी नाही, भीतीने. आता खायचं काय, एवढीच ती भीती होती.

आणि नेमकं त्याच वर्षी कुंडलिकदादाला चहाचं खूळ लागलं.

कुंडलिकदादा गावातल्या जुन्या शेतकरी घरातला. पंचवीस वर्षं वाशिंदच्या कारखान्यात नोकरी केली, पाससाठी रांगा लावल्या, आणि सुटल्यावर गावी येऊन बसला. भातशेती धाकट्या भावाने आधीच ताब्यात घेतली होती. दादाच्या वाट्याला आला ओढ्याच्या वरचा वरकस उतार, जिथे आजवर नाचणीशिवाय काही पिकलं नव्हतं. आसामकडच्या एका कंपनीने चहाचं नवं वाण काढलं होतं. त्याला अजून नावही नव्हतं, नुसता नंबर होता. ऊन सोसणारं, माघातच फुटणारं, आणि फुटताना प्रत्येक डिरीवर, म्हणजे मिटलेल्या कोवळ्या कोंबावर, पांढरी लव येणारं. हे वाण सह्याद्रीच्या उतारावर जगतं का, ते बघायला कंपनी मोजक्या शेतकऱ्यांना रोपं देत होती. अट एकच. तिसऱ्या माघात पहिल्या तोडीचा चहा कंपनीच्या मॅडम स्वतः येऊन चाखणार. पसंत पडला तर पुढची दोन हजार रोपं आणि दरवर्षीची खरेदी. नाही पडला तर नमस्कार.

गावाने दादाची यथेच्छ चेष्टा केली. "आता आपल्याकडे चहाचे मळे, मग हत्ती कधी आणतोस?" असं पारावर रोज कुणीतरी विचारायचं. दादाचा मुलगा रोशन चेष्टा करत नव्हता, तो हिशेबी होता. उताराच्या खालून रस्ता येणार असल्याचं त्याच्या कानावर होतं, आणि फार्महाऊससाठी जागा शोधणारी एक पार्टी त्याने बघूनही ठेवली होती. "तीन वर्षं तुमची," तो बापाला म्हणाला, "नंतर माझं ऐकायचं." दादाने शब्द दिला. दादाचा शब्द म्हणजे शब्द, हे त्याचं मोठेपण आणि त्याचं दुखणंही.

रोपांना पाणी घालायला, सावली धरायला, गवत काढायला दादाला वर्षभर गावात राहणारं माणूस हवं होतं. वाडीत असं कामाचं माणूस एकच होतं.

साडेतीनशे रोपं बायडीने जगवली. उन्हाळ्यात ओढ्यातून डोक्यावर पाणी नेलं, रोपांभोवती पालापाचोळा दाबला, दुपारच्या उन्हासाठी तुरीच्या आडओळी लावल्या. एकदा दादाच्याच हातून फाटक उघडं राहिलं आणि शेळ्यांनी एक रांग साफ केली, तेव्हा दादाच्या बायकोसमोर, काशीवहिनीसमोर ती बेधडक म्हणाली, "माझ्याकडनं ऱ्हायलं, वयनी." दादा बायकोच्या बोलण्यातून सुटला, आणि बायडी आपल्यासाठी खोटं बोलली हे त्याने मनात जपून ठेवलं. माणसं कसल्या कसल्या गोष्टी मनात ठेवतात आणि त्या कुठे नडतात, काही सांगता येत नाही.

दुसऱ्या माघात मूठभर डिऱ्या आल्या. तो चहा म्हणजे पावडर विसरलेला चहा. पण त्या डिऱ्या निवडायच्या होत्या. उमललेली वेगळी, मिटलेली वेगळी, लव झडलेली बाजूला. दादाने सहज म्हणून ते सूप जाणूपुढे ठेवलं. जाणू तोवर डाव्या हाताने जेवायला शिकला होता, तेवढंच. त्याने सूप मांडीवर घेतलं आणि त्याचा डावा हात असा काही चालायला लागला की दादा बघत राहिला. एकही डिरी दुखावली नाही. "ह्या कामाला दोन माणसं लागतील पुढं," दादा म्हणाला. "कायमची. तुमीच दोघं."

 त्या दिवसापासून जाणू रोज सकाळी तोंड धुऊन, केस ओले करून बसायला लागला, कामावर जाणाऱ्या माणसासारखा. बायडीला हे बघून काय वाटायचं ते ती कुणाला सांगत नसे. तिला फक्त एवढंच हवं होतं की हे असंच राहावं, ट्रक पुन्हा तिच्या दारात लागू नये, आणि जाणूला एकटं टाकून जायची वेळ तिच्यावर येऊ नये. याच्यापलीकडे तिने देवाकडेही काही मागितलं नाही.

तिसरा माघ आला. थंडी सरता सरता झाडांनी एकदम मनावर घेतलं. सकाळी दव उतरलं की बायडी रांगेत शिरायची आणि बोटाच्या दोन पेरांत डिरी धरून खुडायची. नखाने नाही, नख लागलं की ती काळी पडते. आठ दिवस तोड चालली. सावलीत सुपं मांडली. त्यांच्यावर डिऱ्या इतक्या विरळ पसरल्या की सूप दिसावं. हा चहा भाजत नाहीत, मळत नाहीत, वाफवत नाहीत. नुसता वाऱ्यावर सुकवतात, आणि तेच अवघड असतं.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि नाशिकहून फोन आला. दादाची लेक रेश्मा, दिवस भरायच्या आधीच तिला दवाखान्यात नेलं होतं. दादा आणि काशीवहिनी मिळेल त्या गाडीने निघाले. निघताना दादाने बायडीला पत्र्याच्या शेडमध्ये उभं करून सांगितलं, "दोन दिवस सुपात राहू दे. खडखडीत झाल्या की या डब्यात भर, झाकण चिकटपट्टीने बंद कर. मग उघडायचा नाय, मॅडमसमोरच उघडायचा. ओल लागू देऊ नको, किडा लागू देऊ नको. बस."

ओल आणि किडा. वासाचं दादा बोलला नाही. चहा शेजारच्या वस्तूचा वास ओढून घेतो, हे त्याला मॅडमनी दोनदा सांगितलं होतं. तो ते विसरला असंही नाही. लेकीच्या काळजीत ते त्याच्या तोंडापर्यंत आलं नाही, इतकंच.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. माघात यायला नको असं आभाळ. पाऊस पडला नाही, पण वारा ओला झाला, शेडच्या पत्र्याला आतून घाम फुटला आणि कडकडीत होत आलेल्या डिऱ्या हाताला मऊ लागायला लागल्या. दुपारी एका सुपाखाली बायडीला बारीक किडे दिसले. तिने गावात ओढ्याकाठच्या प्रमिलाच्या घरी जाऊन तिच्या पोराच्या फोनवरून दादाला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. कुणीतरी उचलला, दवाखान्याचा गोंगाट ऐकू आला आणि कट झाला. मग लागलाच नाही.

ती घरी आली आणि दारातच मटकन बसली. "सडतात बग सगळ्या," ती जाणूला म्हणाली. "काय करू सांग."

जाणूने थोडा विचार केला. जड जिभेने एकेक शब्द काढत तो म्हणाला, "आपण बियानं... कुठं ठेवतो गो?"

बायडीने त्याच्याकडे बघितलं. खरंच की! काकडीचं, भोपळ्याचं, नाचणीचं बियाणं कातकरवाडीत चुलीवर टांगलेल्या बांबूच्या तट्टीवर राहतं. खालून चुलीची ऊब, आणि टोपलीत वरखाली निरगुडीचा पाला. पाऊस महिनाभर कोसळला तरी त्याला ओल लागत नाही आणि किड्याची त्याच्याकडे बघायची हिंमत होत नाही. तिच्या आजीने असंच ठेवलं, आईने असंच ठेवलं, आणि एक दाणा कधी वाया गेला नाही. ओल नको, किडा नको. दादाने सांगितलं होतं तेच तर होतं हे.

सगळी सुपं तिने घरी आणली. तट्टीवर सुकट टांगलेली होती, ती आधी उतरवून प्रमिलाकडे ठेवायला दिली, कारण मासळीचा वास लागला तर दादा काय म्हणेल! तट्टी धुतली. चुलीत धूर कमी करणारी ऐनाची वाळकी लाकडं घातली. नवी टोपली आणली, ओढ्यावरचा ताजा निरगुडीचा पाला अंथरला, वर फडकं, त्यावर डिऱ्या. दोन दिवस ती त्या चुलीपासून हलली नाही. भाकरीसुद्धा प्रमिलानेच भाजून आणून दिली. सुकटीचा वास तिला कळत होता. धुरालाही वास असतो, हे तिला माहीतच नव्हतं. जन्मल्यापासून ती त्याच्यातच होती.

तिसऱ्या दिवशी डिऱ्या कडकडीत वाजायला लागल्या. एकेक डिरी रुपेरी, सुईसारखी. जाणूने त्या पुन्हा निवडल्या. बायडीने डबा भरला, चिकटपट्टी लावली, शेडमध्ये नेऊन ठेवला आणि आल्यावर सरळ झोपली. वाडीत मागे राहिलेल्या दोन म्हाताऱ्याही बोलल्या, की बायडीने राखलं हो.

दादा परतला तो पाचव्या दिवशी सकाळी. नातू झाला होता, लेक सुखरूप होती, आणि तासाभरात मॅडम येणार होत्या. बायडीला काही सांगायला सवडच मिळाली नाही, आणि सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंही नव्हतं. सांगायचं झालं तर कौतुकाचंच होतं, ते मागून सांगता आलं असतं.

मॅडम साध्या होत्या. पायातले बूट काढून ओटीवर बसल्या, नातवाबद्दल विचारलं. पिशवीतून पांढरे वाडगे काढले, स्वतःचं पाणी स्वतः तापवलं. रोशन खांबाला टेकून उभा होता. जाणूला दादाने मुद्दाम बोलावून घेतलं होतं, तो पायरीवर बसला होता, केस ओले करून. चिकटपट्टी सुटली. मॅडमनी डिऱ्या बघितल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "किती सुंदर आल्यात!" त्या म्हणाल्या. मग त्यांनी डबा नाकाशी नेला.

चेहरा विझला नाही, पण थांबला.

त्यांनी चहा केला. पाच मिनिटं तो मुरू दिला. त्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, बाजूच्या भांड्यात टाकला. पुन्हा घेतला. "यावर काही औषध मारलंय का?" त्यांनी विचारलं.

"शपथेवर सांगतो, थेंब नाही," दादा म्हणाला.

"मग दुसरीकडे कुठे ठेवला होता का? स्वयंपाकघरात वगैरे?"

"मॅडम, शेडमधून हलला नाही. मी स्वतः ठेवून गेलो, स्वतः उचलून आणला. माझा शब्द आहे." दादाला त्याच्या माणसांबद्दल, त्याच्या कामाबद्दल कुणी शंका घेतलेली सहन होत नसे. त्याला जे माहीत नव्हतं ते तो छातीवर हात ठेवून सांगत होता.

मॅडम वाडग्यात बघत राहिल्या. "मग झाडाचंच असावं," त्या हळू म्हणाल्या. "गरम जमिनीत काही वाणांना असा औषधी वास येतो. आणखी एका ठिकाणी मला आला होता."

बायडी दाराशी उभी होती. औषधी वास म्हटल्यावर तिला निरगुडी आठवली, निरगुडी म्हटल्यावर चूल आठवली. जाणूकडे बघितलं तर त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यालाही कळलं होतं. गप्प बसली असती तर कुणाला कधी कळलं नसतं. पण दोष झाडावर चालला होता, आणि ती झाडं तिने डोक्यावर पाणी नेऊन जगवली होती.

"मॅडम, झाडाचं काय नाय," ती पुढे येऊन म्हणाली. "मी घरी नेलंतं. ओल धराया लागलं म्हनून चुलीवर ठेवलं, निरगुडीत. माझ्याकडनं झालं. एकटीनं केलं मी."

मॅडमनी दादाकडे बघितलं. दादाने बायडीकडे बघितलं, आणि त्याचे डोळे भरून आले. त्याला शेळ्यांची रांग आठवली.

"बायडे, पुरे," तो म्हणाला. "दर वेळी माझ्यासाठी आळ अंगावर घेऊ नको." मग मॅडमकडे वळून, "ही अशीच आहे. माझी इज्जत वाचवायला बघते."

"नाय दादा, आईची आन, मी खरंच..."

"गप म्हटलं ना!" दादा पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला, मायेने.

मॅडमनी वाडगा खाली ठेवला. एक माणूस म्हणतो शेडमधून हलला नाही, दुसरं म्हणतं घरी नेला. त्यांनी कुणाला खोटं म्हटलं नाही. वहीत दोन ओळी लिहिल्या, नातवासाठी खाऊचे पैसे काशीवहिनीच्या हातात ठेवले आणि गाडीत बसताना म्हणाल्या, "या वर्षी यादी भरायचीय मला. पुन्हा केव्हातरी बघू." गाडी वळणाआड गेल्यावर रोशन खांबापासून बाजूला झाला आणि बापाला काहीही न बोलता आत गेला. त्याला बोलायची गरज नव्हती.

बायडी पुढच्या दोन दिवसांत तीनदा दादाकडे गेली. तिन्ही वेळा दादाने ऐकून घेतलं आणि तिन्ही वेळा तो तसाच मान हलवत हसला. "झाडच खोटं निघालं, बायडे. तुझा काय दोष, माझा काय दोष?" त्याने स्वतःची समजूत घातली होती आणि तो त्या समजुतीवर नीट उभा होता. गरीब माणसाने खरं बोलावं आणि समोरच्याने ते चांगुलपणा म्हणून बाजूला ठेवावं, यावर उपाय काय करायचा असतो? बायडीला तो सापडला नाही.

घरी वेगळंच चाललं होतं. जाणूने केस ओले करणं सोडलं. ताट पुढे ठेवलं तर चार घास खायचा आणि सरकवायचा. "माझ्याच... तोंडातनं निघालं," एवढं एकदा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. "तू सांगलंस ते बरोबरच सांगलंस," बायडी म्हणायची, "ह्यो चहा येडा हाय, त्येला तू काय करशील." पण जाणू ऐकत नव्हता. आयुष्यभर त्याच्या अंगात जोर होता, तो गेला. मग डावा हात कामाला आला होता, तोही त्याने आता उशीखाली घालून ठेवला.

मग बायडीने ठरवलं की बोलून उपयोग नाही, दाखवायचं.

शिमगा आठवड्यावर आला होता. झाडांवरच्या डिऱ्या उमलून पानं झाली होती. फक्त ओढ्याच्या कडेला, जांभळाच्या गर्द सावलीत असलेल्या शेवटच्या रांगेत अजून थोड्या मिटलेल्या होत्या. रोज सकाळी चारपाच, कधी सात. बायडीने अकरा दिवस त्या खुडल्या. नवीन सूप ओढ्यात धुतलं, उन्हात वाळवलं, पुन्हा धुतलं. घरी काही नेलं नाही. जांभळाखालच्या खडकावर सूप ठेवून ती दिवसभर राखत बसायची, तिथेच भाकरी खायची, तीही चटणीशिवाय. स्टीलचा एक छोटा डबा प्रमिलाकडून मागून आणला आणि तो तीन उन्हं खडकावर तापवला. एक दिवस जाणूला काठीच्या आधाराने अर्ध्या अर्ध्या पावलाने तिथपर्यंत आणलं, आणि त्याने नुसत्या पाण्याने हात धुऊन त्या मूठभर डिऱ्या निवडल्या.  "ह्यात वास नाय आला," तो म्हणाला, "तं मंग माझंच चुकलं, नाय का गो?"

बायडीने याचा विचारच केला नव्हता. तिला दादाला पटवायचं होतं.

ती डबा घेऊन गेली तेव्हा दुपार कलली होती. दादा ओटीवर बसला होता, पुढ्यात कसले कसले कागद. त्याने ते उलटे करून ठेवले. त्याने कुरकुर न करता पाणी तापवलं, कदाचित तिचं मन राखायला. पाच मिनिटं थांबला आणि एक घोट घेतला.

मग दुसरा घेतला. मग तो पेला दोन्ही हातांत धरून बसून राहिला.

"काशी," त्याने आत हाक मारली, "जरा बघ गं." काशीवहिनीने घेतला आणि म्हणाली, "अगो बाई, गोड लागतो की. साखर घातलीत?" दादाने मान हलवली. वास नव्हता. औषध नाही, धूर नाही, काही नाही. तीन वर्षं तो ज्याची वाट बघत होता ते त्या पेल्यात होतं.

"म्हणजे तू त्या दिवशी खरं बोलत होतीस," दादा म्हणाला.

"मंग? सांगत नव्हते का तुमाला?"

दादाने फोन घेतला. मॅडमना लावला, सगळं सांगितलं, भरभर, लहान मुलासारखं. पलीकडून त्या शांतपणे ऐकत होत्या. फोनचा आवाज मोठा होता, बायडीला ऐकू येत होतं. ऐकून बरं वाटलं, त्या म्हणाल्या, पण रोपं दुसऱ्या शेतकऱ्याला दिली. "पुढच्या माघात तुमचा चहा नक्की पाठवा. मी स्वतः बघीन."

"पाठवतो," दादा म्हणाला.

फोन ठेवून त्याने उलटे ठेवलेले कागद सरळ केले. रोशनच्या पार्टीकडून काल इसार घेतला होता. दादाने सही केली होती, शब्द दिला होता. पाडव्यानंतर उतारावर जेसीबी येणार होता. पुढच्या माघात पाठवायला तिथे एक झाड नसणार, हे त्याने मॅडमना सांगितलं नाही. त्याच्याने ते सांगवलं नाही.

"झाड खोटं निघालं म्हणून दिली गं मी जमीन," तो म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस बायडीसमोर रडायला लागला. "हे कशाला आणलंस? नव्हतं आणायचं, बायडे. माझा मी बरा होतो."

बायडी उभी राहिली. तिला वाटलं होतं, खरं कळलं की काहीतरी मागे फिरेल. काही मागे फिरलं नाही. फक्त ज्या एका समजुतीवर तो म्हातारा उभा होता, तेवढी तिने त्याच्या पायाखालून काढून घेतली होती. तिने रिकामा डबा उचलला आणि ती निघाली. ओढा ओलांडताना तिने दिवाळीचा विचार केला. संजूच्या जोडीत जावं लागणार. जाणू वाडीत राहणार, त्या दोन म्हाताऱ्यांच्या भरवशावर, आणि त्या म्हाताऱ्या जाणूच्या भरवशावर.

जाणू दारात बसून वाट बघत होता. तिला लांबून बघितल्यापासून तो तिच्या चेहऱ्यावरून काही वाचायचा प्रयत्न करत होता.

"काय झालं गो? वास... आला?"

बायडीने रिकामा डबा खाली ठेवला.

"आला," ती म्हणाली.

"त्योच?"

"त्योच. झाडाचाच हाय. दादा पन बोलला."

जाणूने खूप मोठा श्वास सोडला. इतक्या दिवसांनी त्याचा चेहरा सैल पडला, आणि तोंड एका बाजूने वाकडं असूनही तो हसला. त्याने भाकर मागितली. बायडीने वाढली, ती त्याने सबंध खाल्ली, वर पाणी प्यायला आणि हात पुसत म्हणाला, "मंग दिवाळीला तू जा भट्टीला. मी ऱ्हाईन. आता मला कायपन वाटनार नाय."

बायडीने त्याचं ताट उचललं.

"आनि उद्या दादाकडं जा," जाणू म्हणाला. "त्याला सांग, वाईट वाटून घेऊ नको. झाडच खोटं निघालं, त्यात मानसाचा काय दोष."

"सांगन," बायडी म्हणाली.